बाजेखालची शेगडी आज रात्रीच बाहेर काढा

"आमचं गाव परतवाड्याच्या पुढं, मेळघाटच्या पायथ्याशी. लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आलीय, दवाखान्यात नॉर्मल झाली, बाळ अकरा दिवसांचं आहे. घर मातीचं, पण गेल्या वर्षी कवेलू काढून टिनं टाकली आणि खिडकीला स्लायडिंग बसवली. रात्री लय गारठा पडतो. सासूबाई बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवतात, दार लावून, खालच्या फटीत बोरी कोंबून. धूर पूर्ण संपला की मगच आत आणतात. पण दोन-तीन दिवस झाले लेकीचं सकाळी डोकं ठणकते, मळमळते, अंगणात उन्हात बसली की दुपारपर्यंत बरं वाटते. सासूबाई म्हणतात बाळंतवात आहे. शेगडी काढा म्हटलं तर म्हणाल्या, 'आमी पाच लेकरं शेगडीवरच वाढोली, काय झालं त्यायले?' जावई हीटर आणून देतो म्हणतात, पण शेजारचे म्हणतात हीटर हवेतला ऑक्सिजन खाते. मालक रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला जातात, तेही खोपडीत घमेल्यात इंगळ घेऊन झोपतात. मी काय करू?"
— एक आई, अचलपूर तालुका

ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी एवढं करा. आज रात्री ती शेगडी खोलीत जाऊ देऊ नका. आणि लेकीला, बाळाला घेऊन उद्या उजाडल्याबरोबर सरकारी दवाखान्यात जा, आत्ता हे वाचताना तिचं डोकं दुखत असेल, ती गुंगल्यासारखी वाटत असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, हलवून पण नीट जागं होत नसेल तर उद्याची वाट पाहू नका, आत्ताच १०८ ला फोन लावा. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं की बंद खोलीत रात्रभर कोळशाची शेगडी असते. हे आपण सांगितलं नाही तर त्यांना कळायला मार्ग नाही, बाळंतिणीला अशक्तपणा आहे, ॲसिडिटी आहे असं समजून गोळ्या देऊन परत पाठवतील. बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर, कोरोनापासून घरोघरी आलंय, त्याच्यावर या बाबतीत अजिबात भरवसा नको. ९८ दाखवेल आणि तरी माणूस धोक्यात असेल, कारण रक्तात ऑक्सिजन बसलाय की शेगडीचा विषारी वायू बसलाय हा फरक त्या साध्या यंत्राला कळत नाही.

आणि दवाखान्यात गेलाच आहात तर लेकीचं बीपी आवर्जून मोजायला सांगा. शेगडीवर माझा संशय पक्का आहे, पण बाळंतिणीचं डोकं दुखणं कधीच अंगावर काढू नये, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बीपी एकदम वाढू शकतं, डोळ्यापुढं अंधारी येते, झटके येऊ शकतात. एका फेरीत दोन्ही गोष्टींचा निकाल लागेल.

आता माझा संशय शेगडीवरच का, ते तुमच्याच पत्रात आहे. रात्री शेगडी, सकाळी डोकं, अंगणात मोकळ्या हवेत बसली की दुपारपर्यंत उतार. बाळंतवात उन्हात बसून रोज दुपारी बरा होऊन रोज रात्री परत येत नाही. सासूबाई त्याच खोलीत झोपत असतील तर त्यांना पण विचारा, सकाळी डोकं जड वाटतं का, पाय लटपटतात का. एकाच खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी सारखा त्रास होत असेल तर खोट माणसात नाही, खोलीतल्या हवेत आहे.

त्या वायूचं नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, त्यानं डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. कोळसा असो, लाकूड असो की गोवरी, कमी हवेत जळालं की हा तयार होतो, आणि आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. म्हणजे फुप्फुसात हवा जाते, छाती वरखाली होते, पण शरीराला, मेंदूला ऑक्सिजन पोचत नाही. आधी डोकं दुखतं, मग चक्कर, मळमळ, हातपाय गळून जातात, आणि झोपेत असलेल्याला तर यातलं काहीच कळत नाही, झोप नुसती खोल खोल होत जाते. अंगात गेलेला वायू साध्या हवेत निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, दवाखान्यात मास्कमधून ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासात तेवढा उतरतो, म्हणून तर उजाडल्याबरोबर जा म्हटलं, दुपारी गेलात तर तपासणीत कदाचित काही सापडणार पण नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती "धूर संपला की आत आणतो" इथं. आपल्याकडे सगळेच असं करतात, अंगणात शेगडी पेटवायची, काळा धूर जाऊ द्यायचा, कोळसे लाल झाले, वर पांढरी राख धरली की मग आत. वाटतं आता काही भीती नाही. पण धूर म्हणजे न जळालेलं लाकूड, काजळी, ते दिसतं आणि डोळ्यात जातं म्हणून आपण सावध होतो. लाल इंगळातून कार्बन मोनॉक्साइड येतच राहतो, धूर असताना येतो आणि धूर संपल्यावर पण येतो, आणि रात्री इंगळ टिकावेत म्हणून त्यावर राख लोटतात तेव्हा तर ते कमी हवेत, धुमसत जळतात, म्हणजे अजूनच वाईट. निदान धुरात माणूस खोकत उठतो तरी. बिनधुराच्या शेगडीपाशी तो उठत नाही.

आता सासूबाईंचं. त्या खोटं बोलत नाहीत ताई, त्यांची पाच लेकरं खरंच शेगडीवर वाढली आणि धडधाकट वाढली. पण कोणत्या घरात वाढली ते पाहा. वर कवेलू होते, दोन कवेलूंच्या मध्ये बोट जाईल एवढ्या सांदी, पहाटे आतून वर पाहिलं तर उजेडाच्या रेघा दिसायच्या. दाराला फळ्या, फळ्यांमध्ये फटी. भिंत आणि छप्पर यांच्या मध्ये वीतभर मोकळी जागा. गरम हवा वर जायची आणि सोबत हा वायू पण कवेलूंतून निघून जायचा, रात्रभर, कोणी काही न करता. आता तुम्ही वर टिन टाकलं, कडेनं सिमेंट भरलं, खिडकीला रबराची स्लायडिंग बसवली, उरलेल्या फटीत बोरी. शेगडी तीच आहे, आजी तीच आहे, घर मात्र ते राहिलं नाही. विदर्भात गेल्या दहा-पंधरा वर्षांत किती घरांचे कवेलू गेले आणि टिन किंवा स्लॅब आला बघा, आणि शेगडी मात्र आजीच्या काळची चालू आहे, म्हणून मला तुमच्या पत्राचं जास्त वाईट वाटलं, कारण हे एका घरचं पत्र नाहीच.

हेच त्यांना सांगा. "तुमचं चुकलं" असं म्हणू नका, ते त्या ऐकणार पण नाहीत आणि ते खरं पण नाही. "माय, आपले कवेलू गेले ना, आता वाफ जायला जागाच नाही राहिली" एवढं म्हणा. छपराकडे बोट दाखवून म्हणा, त्यांना पटेल, त्यांनी ते घर पाहिलेलं आहे.

मग थंडीचं काय? थंडी खोटी नाही. लोकांना वाटतं विदर्भ म्हणजे नुसता उन्हाळा, पण २९ डिसेंबर २०१८ ला नागपूर ३.५ अंशांवर गेलं होतं, आणि तुम्ही तर मेळघाटच्या पायथ्याशी राहता, तिथं गारठा जास्तच. अकरा दिवसांचं बाळ आणि ओली बाळंतीण उबेत राहिलीच पाहिजे, त्यात सासूबाई शंभर टक्के बरोबर आहेत. फक्त आपण सगळे अख्खी खोली तापवायला बघतो आणि टिनाखालची खोली रात्रभर तापवणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. टिन रात्री उघड्या आभाळाखाली भराभर गार होतं, आतली ऊब ओढून बाहेर फेकतं, पहाटे त्याच्या आतल्या बाजूनं दव ठिबकतं ते त्याच्यामुळंच. म्हणून खोली नाही, माणूस गरम ठेवायचा. आणि थंडी कुठून येते ती वाट बंद करायची.

तुमच्या घरात ती तीन ठिकाणांहून येते. पहिली वरून, टिनातून. बुरडाकडच्या बांबूच्या तट्ट्या मिळतात, त्या टिनाच्या खाली चार-सहा इंच जागा सोडून आढ्याला बांधून घ्या, वरून जुन्या चादरी पसरा, मधली थांबलेली हवाच काम करते. एवढं लगेच होत नसेल तर बाजेच्या वर चार कोपऱ्यांना दोऱ्या बांधून जुन्या लुगड्याचं दुहेरी छत बांधा, किंवा मच्छरदाणी लावून तिच्या वरच्या भागावर आणि डोक्याकडच्या बाजूला चादर टाका, समोरची बाजू मोकळी ठेवायची. तेवढ्या छोट्या जागेत आई आणि बाळाच्या अंगाचीच ऊब साचते, एका रात्रीत फरक कळेल.

दुसरी खालून. आणि हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण बाजेखाली शेगडी ठेवायची पद्धत यातूनच आली असणार. बाज सुतळीची असो की नायलॉन पट्टीची, जाळीदार असते, उन्हाळ्यात छान, पण हिवाळ्यात खालून थंड हवा सरळ पाठीला लागते. वर तीन वाकळी घेतल्या तरी खालून गारच. मग खाली शेगडी सरकवली की बरं वाटतं. तर त्या जाळीवर आधी जाड पुठ्ठा अंथरा, फ्रिजच्या नाही तर टीव्हीच्या खोक्याचा, दुकानदार असेच देतात, त्यावर दोन कोरडी पोती, त्यावर कापसाची गादी, आणि गादी रोज दुपारी उन्हात टाकायची. दबलेल्या कापसात ऊब राहत नाही, फुललेल्या कापसात राहते, तुम्ही तर कापूसवाली माणसं, तुम्हाला मी काय सांगू, पिंजाऱ्याकडून एकदा गादी आणि रजई भरून घ्या. पांघरायला एक जड घेण्यापेक्षा दोन हलक्या, एकावर एक.

तिसरी दाराखालून आणि खिडकीतून, उत्तरेकडची असेल तर जास्तच. खोलीत काही जळत नसेल तर ती बोरी खुशाल कोंबून ठेवा, दारा-खिडकीच्या बारीक फटींतून श्वासापुरती हवा येतेच. पण त्या खोलीत जळणारं काहीही असेल, शेगडी, चूल, कंदील, गॅसची शेगडी, तर बोरी काढायची आणि खिडकी उघडायची, याला अपवाद नाही. चुलीच्या भिंतीला लागून दुसरी खोली असेल तर बाज तिथं हलवा, स्वयंपाक झाला की मातीची भिंत मध्यरात्रीपर्यंत कोमट राहते, हा फुकटचा हीटर आहे.

आता बाळ. बाळाला सगळ्यात चांगली ऊब आईच्या छातीची, हे नुसतं प्रेमानं म्हणत नाही, कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७८ साली काचेच्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून डॉक्टरांनी कमी दिवसांची बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली, आज जगभर तीच पद्धत शिकवतात, कांगारू मदर केअर म्हणतात. बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे, आईच्या अंगाला त्याचं अंग चिकटलेलं, वरून आईचा झंपर आणि शाल. आईनं मागं उशा देऊन अर्धवट रेलून बसायचं, बाळाचं तोंड एका बाजूला, नाक मोकळं. आई थकली की आजी घेऊ शकते, बाप आला तर बाप घेऊ शकतो, छाती कोणाचीही चालते. सासूबाईंना हे काम द्या ताई. शेगडीतले इंगळ सारखे खालीवर करत बसायचं त्याच्यापेक्षा पणतवंड छातीशी धरून बसायचं, त्या नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं.

आणि बाळ गार आहे की उबेत, हे बघायला थर्मामीटरच पाहिजे असं नाही. आपल्या हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही कोमट, बाळ ठीक. पोट कोमट पण पाय गार, तर बाळाला थंडी वाजतेय, लगेच छातीशी घ्या, दूध पाजा. पोट पण गार, पाय पण गार, तर ते आजारपण समजायचं, छातीशी धरूनच दवाखान्यात न्यायचं. थर्मामीटर असेल तर काखेत ३६.५ ते ३७.५ सेल्सिअसच्या मध्ये पाहिजे. उलट्या बाजूनं पण जपा, बाळ लाल झालं, मान घामेजली तर जास्त गुंडाळलंय. रात्री आईच्या जड रजईखाली बाळाला झाकून झोपवू नका, तोंडावर पांघरूण येतं. त्याचं स्वतःचं दुपटं, छातीपर्यंत, नीट खोचलेलं.

आंघोळ रोज पाहिजेच असं नाही. गारठा असेल त्या दिवशी कोमट पाण्यानं पुसून काढा, तेही दुपारी, ऊन असताना, आणि लगेच कोरडं करून टोपी. धुरी मात्र नकोच. ओवा, शोपा, काय टाकायचं ते टाका, शेवटी धूरच आहे आणि अकरा दिवसांच्या छातीत जातो, मग न्यूमोनिया झाला की आपण म्हणतो थंडी लागली.

तुमच्या गावातली आशाताई येते ना घरी? दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिनं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचं असतं, म्हणजे चौदाव्याची भेट जवळच आली. तिच्याकडे वजनकाटा आणि थर्मामीटर असतो, बाळ उबेत ठेवायचं कसं हे तिला शिकवलेलं असतं. ही पद्धत आपल्याच विदर्भातली आहे, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांच्या आसपास कमी झाले, १९९९ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात ते छापून आलं आणि २०११ पासून देशभर आशा तेच काम करतात. सासूबाई तुमचं ऐकत नसतील तर आशाताईला मध्ये घाला, शेगडी कुठं होती ते तिला दाखवा.

हीटरचं शेजाऱ्यांनी सांगितलं ते चूक आहे. विजेचा हीटर काही जाळत नाही, तार तापते आणि ऊब देते, ऑक्सिजन खात नाही, विषारी वायू सोडत नाही. ऑक्सिजन खाते ती शेगडी. हीटरनं हवा कोरडी पडते, घसा सुकतो, त्याला पाणी प्यायचं, बस. म्हणून जावईबापूंना हो म्हणा. पण गावातली वीज पण बघा. दोन हजार वॅटचा आणू नका, तो जवळपास ९ अँपिअर ओढतो, आपल्या घरातला पंखा-मोबाइलचा छोटा प्लग ६ अँपिअरचा असतो, वितळेल. १००० वॅटचा घ्या, तासाला एक युनिट जळतं. मोठा १६ अँपिअरचा प्लग आणि चांगली अर्थिंग असेल तरच लावा, एक्स्टेन्शन बोर्ड नको, आणि तारेवर आकडा टाकून तर अजिबात नको. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की हीटर पण मंद होतो, २३० व्होल्टवर हजार वॅट देणारा १८० व्होल्टवर जेमतेम सहाशे देतो, तो बिघडला असं समजून बाजेजवळ सरकवू नका, इथंच आगी लागतात. बाजेपासून, पदरापासून, दोरीवरच्या लंगोटांपासून तीन-चार फूट लांब, भिंतीकडे पाठ करून, पडणार नाही असा. झोपायच्या आधी तासभर खोली तापवून घ्या, झोपताना बंद. मध्येच पिनला हात लावून बघा, चटका बसत असेल तर वायरमनला दाखवल्याशिवाय परत लावू नका. कोंबडीच्या पिल्लांना लावतात तसा मोठा बल्ब बाळावर टांगायची पण पद्धत आहे काही घरात, तो नको, पडला तर काय होईल ते सांगायला नको.

लाइट गेली तर गरम पाण्याची रबरी पिशवी. उकळतं पाणी नाही, हात बुडवता येईल एवढं, दोन तृतीयांश भरून हवा काढून टाकायची, टॉवेलात गुंडाळायची. बाळाच्या जागेवर ती आधी ठेवून अंथरूण गरम करायचं आणि बाळाला ठेवताना पिशवी काढून घ्यायची. लेकीच्या पायाशी ठेवली तर चालते. बाळाजवळ तापवलेली वीट, गरम कपड्याची पोटली, काहीच नाही, त्याच्या कातडीला आपल्यापेक्षा फार लवकर भाजतं आणि ते बोलू शकत नाही.

शेक मात्र बंद करा असं मी म्हणत नाहीये. बाळंतिणीला बरं वाटतं, कंबर मोकळी होते. तेलमालिश, गरम पाण्यानं आंघोळ, मग ओसरीत, दारं सताड उघडी, शेगडी बाजूला, लेक जागी, सोबत कोणीतरी, दहा-पंधरा मिनिटं, बाळ आतल्या खोलीत दुसऱ्याकडे. झालं की शेगडी अंगणात नेऊन पाणी ओतून विझवायची, राखेत झाकून ठेवायची नाही. डिंकाचे लाडू, अळीव, मेथी चालू ठेवा.

तुमच्या मालकांची मला खरं तर तेवढीच काळजी वाटली. तीन फेजची लाइन रात्री येते, माणूस एक वाजता मोटार चालू करतो, ओल्या पायानं दांडावर फिरतो, मग खोपडीत येतो, ताडपत्रीचं तोंड बंद करतो आणि घमेल्यातले इंगळ उशाशी घेऊन आडवा होतो. ती ताडपत्रीची खोपडी तुमच्या खोलीपेक्षा लहान आणि जास्त हवाबंद, आणि तिथं त्यांना हाक मारून उठवणारं पण कोणी नाही. शेकोटी बाहेर, उघड्यावर, मनसोक्त शेका, पण घमेलं आत नाही, दोन इंगळ पण नाही. आत झोपताना कोरडे मोजे, कानटोपी, खाली कुटाराचं पोतं, वर घोंगडी. मोटार बंद करायला दर दोन तासांनी उठायचंच असतं, तर मोबाइलला अलार्म लावून शेजारच्या शेतातल्या माणसाशी एकमेकांना फोन करायचं ठरवून घ्या. थंडी वाजते म्हणून दारू घेतात काही जण, तिनं कातडी गरम लागते पण आतली ऊब बाहेर जाते, अंग उलट लवकर गार पडतं. शेकोटी कुटाराच्या गंजीपासून, पऱ्हाटीच्या ढिगापासून, गोठ्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि निघताना पाणी टाकून. त्यात टायर आणि प्लास्टिक जाळू नका. पॉलिस्टरचं ते स्वस्त ब्लँकेट पांघरून शेकोटीपाशी बसू नका, ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतं. कोणाला भाजलंच तर नळाचं साधं वाहतं पाणी वीस मिनिटं, टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ नाही.

आणि हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, देव करो आणि कधी लागू नये. कोणी शेगडीच्या खोलीत उठत नाही असं दिसलं तर तोंडावर पाणी मारत, कांदा हुंगवत बसायचं नाही. आधी दार-खिडकी सताड उघडायची, श्वास रोखून आत जायचं, माणसाला ओढून अंगणात आणायचं, मग १०८. ओढता येत नसेल तर बाहेर येऊन ओरडून माणसं जमवायची, एकट्यानं आत थांबायचं नाही, वाचवायला गेलेला पण तिथंच पडतो. श्वास चालत नसेल आणि कोणाला छाती दाबता येत असेल तर बाहेर आणल्यावर सुरू करायची.

पत्रात तुम्ही बाळाचं जन्माचं वजन लिहिलं नाही. दवाखान्याच्या कार्डावर बघा. अडीच किलोपेक्षा कमी असेल तर ते छातीशी धरणं दिवसातून जास्तीत जास्त वेळ चालू ठेवा, आणि उद्या दवाखान्यात बाळाचं वजन परत करायला सांगा, जन्माच्या वेळेएवढं भरलं का ते बघा. जेवढं असेल तेवढं मला कळवा, आणि लेकीचं बीपी किती निघालं ते पण.